वजनाचं इंजेक्शन : सात महिन्यांचा अनुभव आणि काही कळकळीच्या सूचना

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्याभरात ओळखीच्या पाच-सहा जणींनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "खरं सांग, इंजेक्शन घेतेस ना?" हो, घेते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घेते, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण विचारणाऱ्या सगळ्यांचा पुढचा प्रश्न एकच होता: कुठे मिळतं आणि केवढ्याला पडतं? घेताना काय सांभाळायचं, हे एकीनेही विचारलं नाही. म्हणून हा धागा.

माझं वय ४८, उंची १५७ सेंमी, सुरुवातीचं वजन ९४ किलो. मधुमेहाला नऊ वर्षं झाली. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी (एचबीए१सी) ८.४ टक्क्यांवर गेली होती आणि गुडघ्यांमुळे जिना चढणं म्हणजे शिक्षा झाली होती. डाएट मी चार वेळा मनापासून केलं. दर वेळी सात-आठ किलो उतरले आणि दर वेळी परत आले. शेवटी नाशिकमधल्याच एका हार्मोनतज्ज्ञ डॉक्टरांनी टिरझेपॅटाइड सुचवलं. आठवड्यातून एकदा, पोटावर, त्वचेखाली. पहिले चार आठवडे २.५ मिलीग्रॅम, मग ५. मी ५ वर बरेच दिवस राहिले, आता ७.५ वर आहे. आज वजन ८१.

सुरू करण्याआधी डॉक्टरांनी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. घरात कुणाला थायरॉइडचा कर्करोग झाला होता का? स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का? पित्ताशयात खडे आहेत का? डोळ्यांचा पडदा शेवटचा कधी तपासला? मूत्रपिंडाचे रिपोर्ट बघितले. माझी ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी पहिल्याच दिवशी निम्म्यावर आणली, कारण ती आणि हे इंजेक्शन एकत्र आलं की साखर फार खाली जाऊ शकते. एवढं सगळं न विचारता कुणी इंजेक्शन लिहून देत असेल, तर कृपा करून दुसरे डॉक्टर गाठा.

आता माझी चूक सांगते, कारण ती बऱ्याच जणांच्या हातून होते. पहिल्या दोन महिन्यांत भूकच गेली. पोटात कावळे ओरडणं म्हणजे काय, हे विसरायला झालं. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी अर्धी पोळी आणि चार घास भाजी, रात्री कपभर सूप. वजन भराभर उतरत होतं. लोक कौतुक करत होते आणि मी खूश होते. मग एक दिवस लोणच्याच्या बरणीचं झाकण मला उघडेना. तीच बरणी, तेच झाकण. त्याच आठवड्यात देवापुढे पाटावर बसले होते, तर उठताना दोन्ही हात जमिनीला टेकावे लागले. केसही कंगव्यात गुच्छाने यायला लागले होते. डॉक्टरांना सांगितलं, तेव्हा त्यांनी वजन बघितलंच नाही. आधी विचारलं, काल दिवसभरात काय काय खाल्लं? मी सांगितलं आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. म्हणाले, चरबीबरोबर स्नायूही चाललेत, डोस वाढवायचा नाही, आधी ताट सुधारा.

औषधाने भूक निम्मी झाली तरी शरीराची गरज तेवढीच असते, हे तोवर माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं. मला रोज ६५ ते ७० ग्रॅम प्रथिनांचं लक्ष्य दिलं. (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आकडा वेगळा असतो, विचारल्याशिवाय वाढवू नका.) आपल्या जेवणात हे जमवणं खरंच कठीण आहे. वाटीभर घट्ट वरणातून जेमतेम सहा-सात ग्रॅम मिळतात आणि एका अंड्यातून सहा. आता माझा क्रम असा: ताटात आधी उसळ किंवा पिठलं किंवा अंडी संपवायची, मग भाजी-कोशिंबीर, आणि जागा उरली तर भाकरी. भात आठवड्यातून दोनदा. सकाळी मुगाचं धिरडं आणि दोन उकडलेली अंडी. चार वाजता मूठभर फुटाणे आणि ताक. रात्री शंभर ग्रॅम पनीर किंवा सोयाच्या वड्या. पाण्याची बाटली समोर ठेवते, कारण भुकेबरोबर तहानही कमी लागते आणि बद्धकोष्ठाचा त्रास भयंकर होतो.

आणखी एक. आग्रह करणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे. गौरीच्या जेवणाला जाऊबाईंनी प्रेमाने वाढलेली तूप घातलेली पुरणपोळी मी पूर्ण संपवली आणि रात्री दोनपर्यंत मोरीत बसून होते. या औषधाने पोट सावकाश रिकामं होतं. तळलेलं आणि तुपकट अन्न तासन्‌तास तिथेच बसून राहतं, करपट ढेकरा येतात, उलट्या होतात. "एकाने काय होतंय" म्हणू नका. होतं.

सोलापूरची_लेक

ताई, इतकं मोकळेपणाने लिहिलंत, खूप बरं वाटलं. माझ्या धाकट्या दिरांची काळजी वाटते. वय ३१, मधुमेह नाही, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) २६ असेल. जिममधला ट्रेनर त्यांना एक कुपी आणून देतो आणि स्वतःच टोचतो. लेबलवर इंग्रजीत काहीतरी छापलंय, पण बॅच नंबर नाही. विचारलं तर म्हणतात, सगळेच घेतात. काय सांगू त्यांना?

जळगावकर_केमिस्ट

ताई, त्यांना आधी थांबवा, बाकीचं नंतर. माझं वीस वर्षांचं मेडिकलचं दुकान आहे, म्हणून खात्रीने सांगतो. भारतात ही औषधं चिठ्ठीशिवाय विकायला परवानगीच नाही. माउंजारो, म्हणजे टिरझेपॅटाइड, मार्च २०२५ मध्ये आलं, त्यापाठोपाठ वेगोव्ही आणि ओझेम्पिक आली; ही दोन्ही सेमाग्लुटाइडची, याच जातीच्या दुसऱ्या औषधाची इंजेक्शनं. सेमाग्लुटाइडची गोळी, रायबेल्सस, त्याआधीपासून आहे. मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट संपलं आणि देशी कंपन्यांना वाट मोकळी झाली. किंमत उतरणं ही चांगलीच गोष्ट आहे, पण त्याच गर्दीत बनावट मालही घुसतो. बॅच नंबर नाही, एक्स्पायरी नाही, उत्पादकाचा परवाना क्रमांक नाही, तर आत काय आहे हे देवालाच माहीत. पक्कं बिल घ्या. बिल देत नसेल तर घेऊच नका.

दुसरं, सिरिंजचा घोळ. आपल्याकडे इन्सुलिनच्या दोन प्रकारच्या सिरिंज सर्रास मिळतात, लाल टोपणाची यू-४० आणि केशरी टोपणाची यू-१००. अर्धा मिलिलिटर औषध यू-१०० वर ५० च्या खुणेला येतं आणि यू-४० वर २० च्या. कुणी फोनवर "वीसपर्यंत भर" सांगितलं आणि हातात दुसरीच सिरिंज असली, तर डोस पार चुकतो. कुपी घेताना त्यासोबत कोणती सिरिंज आणि कोणती खूण, हे चिठ्ठीवर लिहून घ्या आणि पहिलं इंजेक्शन नर्ससमोर घ्या. पेन असेल तर हा प्रश्न बराचसा मिटतो.

आणि आमच्या खानदेशातला उन्हाळा! मे महिन्यात एक गृहस्थ पेन स्कूटरच्या डिकीत ठेवून दोन तास बाजारात फिरले. दुसऱ्या एका काकूंनी उलट केलं, थेट बर्फात घातलं, पेन गोठलं. दोन्ही फेकावी लागली. फ्रिजमध्ये २ ते ८ अंश, दाराच्या कप्प्यात नको, फ्रीजरच्या जाळीला चिकटून तर मुळीच नको. गोठलेलं औषध वितळलं तरी वापरायचं नाही. बाहेर किती दिवस टिकतं हे प्रत्येकाचं वेगळं आहे. टिरझेपॅटाइडची कुपी ३० अंशांखाली २१ दिवस. पण आमच्याकडे भारनियमनात घरात ३० अंश असतात कुठे? प्रवासात इन्सुलिनची थंड पिशवी वापरा आणि बर्फाच्या लादीला कापड गुंडाळा.

मावळतीचा_वारा

मतभेद आहे, रागावू नका. मी ५६ वर्षांचा, आयुष्यभर सूर्यनमस्कार घातले, वजन कधी ६८ च्या वर गेलं नाही. माणसाने तोंडावर ताबा ठेवला तर हे टोचून घ्यायची वेळ का येते? उद्या औषध बंद झालं की काय करणार? आपण एका कंपनीच्या दावणीला बांधले जातोय असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

गोदाकाठ

दादा, राग नाही. तुमचा दुसरा प्रश्न अगदी रास्त आहे, त्यावर कुणी अनुभवी लिहील तर बरं. पहिल्याबद्दल एवढंच सांगते. इंजेक्शनच्या तिसऱ्या आठवड्यात मी माहेरी गेले होते. टेबलावर चकल्यांचा डबा उघडा होता. मी तिथे बसून आईशी तासभर बोलले आणि उठल्यावर लक्षात आलं की मला चकली आठवलीसुद्धा नाही. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मला रडू आलं. तोपर्यंत प्रत्येक दिवस त्या डब्याशी झगडण्यात जायचा, आणि मला वाटायचं सगळ्यांचंच असं असतं. जेवल्यावर आतड्यातून जो "पुरे" असा संदेश मेंदूला जातो, तो माझ्यात फार क्षीण होता, असं डॉक्टरांनी समजावलं. औषध त्याच संदेशाची नक्कल करतं. तुम्हाला तो संदेश जन्मतः नीट मिळाला, ही चांगली गोष्ट आहे.

एडिसनचा_मराठी

बंद केल्यावर काय होतं, ते माझ्या अंगावर घडलंय. न्यू जर्सीत राहतो. सेमाग्लुटाइडवर चौदा महिन्यांत १९ किलो उतरलो. मग नोकरी बदलली, नव्या विम्यात वजनासाठीचं औषध बसत नव्हतं, आणि पदरचे पैसे घालणं परवडेना. एका आठवड्यात बंद. दहाव्या दिवसापासून भूक अशी परतली, जणू उपाशी ठेवलेलं जनावर सुटलं. वर्षभरात १२ किलो परत.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की हे अपेक्षितच होतं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टेप-१ या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन उतरलं होतं. पण औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं. मला कुणी सुरुवातीला हे सांगितलं असतं, तर त्या चौदा महिन्यांत मी व्यायामाची सवय लावून घेतली असती. मी काहीच केलं नाही, वजन उतरतंय ना, मग झालं. आणि परत आलेलं वजन बहुतेक पोटावरच आलं, हातापायांत पूर्वीची ताकद आली नाही.

सुरू करण्याआधी हिशेब मांडा. दोन वर्षं पैसे भरू शकाल का? मध्येच थांबावं लागलं तर डॉक्टरांशी बोलून हळूहळू उतरा. आणि काही आठवडे खंड पडला असेल तर जुन्या मोठ्या डोसवर एकदम उडी मारू नका. आता मी पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू केलंय.

फिजिओ_मिरज

वरची पोस्ट प्रत्येकाने दोनदा वाचावी. माझ्याकडे सध्या असे बरेच पेशंट येतात. वजन १५ किलो कमी, पण खुर्चीतून उठताना हात टेकतात. उतरलेल्या वजनात साधारण पाव ते एक तृतीयांश, कधी त्याहून जास्त, स्नायूंसारख्या चरबीविरहित भागाचं असतं. पन्नाशीनंतर तो गेलेला भाग परत मिळवणं फार अवघड जातं.

नुसतं चालून हे थांबत नाही. चालाच, आठवड्याला निदान १५० मिनिटं, हृदयासाठी आणि साखरेसाठी ते हवंच. पण दोन ते तीन दिवस स्नायूंवर भार पडला पाहिजे. जिमची गरज नाही. स्वयंपाकघरातली हात नसलेली खुर्ची घ्या, हात छातीवर बांधा आणि दहा वेळा उठा-बसा. थांबा, पुन्हा दहा. भिंतीला हात लावून दंड. दोन लिटरच्या दोन पाण्याच्या बाटल्या भरून उचला. ओट्याला धरून टाचा वर करा. शेवटच्या दोन वेळा करताना कष्ट पडले पाहिजेत. सहज जमत असेल तर भार वाढवा. इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी मळमळ असेल तर तो दिवस हलका ठेवा, पण सोडू नका. आणि दर महिन्याला वजनाबरोबर हेही मोजा: ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येतं. वजन उतरताना हा आकडाही उतरत असेल, तर डॉक्टरांना सांगा.

पुणेरी_पालवी

एक खासगी प्रश्न. वय २९, पीसीओएस (पाळी अनियमित करणारा हार्मोनचा त्रास) आहे, वर्षभरात बाळाचा विचार आहे. मैत्रीण म्हणते आधी इंजेक्शन घेऊन वजन उतरव. घेऊ का?

मेडिसिनवाला_विदर्भ

मी फिजिशियन आहे. पालवी, तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय अजिबात नाही. गरोदरपणात ही औषधं चालत नाहीत. सेमाग्लुटाइड तर गर्भधारणेच्या निदान दोन महिने आधी बंद करावं लागतं. दुसरी गोष्ट फार कमी जणींना सांगितली जाते. वजन उतरलं की अनियमित पाळी सुधारते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते. त्यातच टिरझेपॅटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. म्हणून सुरुवातीला आणि प्रत्येक डोस वाढवल्यावर चार आठवडे निरोध किंवा दुसरी पद्धत वापरायची असते.

धागा चांगला चाललाय, म्हणून घरातल्यांनी लक्षात ठेवायच्या खुणा लिहितो. थोडी मळमळ, पोट जड वाटणं, हे डोस वाढवल्यावर काही दिवस होतं आणि ओसरतं. पण पोटाच्या वरच्या भागात सुरू होऊन पाठीकडे जाणारी, न थांबणारी कळ आणि सोबत उलट्या, म्हणजे स्वादुपिंडाची सूज असू शकते. इंजेक्शन बंद आणि लगेच दवाखाना. उजव्या बरगडीखाली दुखणं, ताप, डोळे पिवळे, तर पित्ताशय बघावं लागतं. वजन वेगाने उतरलं की खडे होण्याची शक्यता वाढते. दिवसभर उलट्या-जुलाब होऊन लघवी कमी झाली, तर मूत्रपिंडावर ताण येतोय. एका डोळ्याने अचानक दिसेनासं झालं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. हे फार क्वचित घडतं, पण वेळ दवडायची नाही.

शस्त्रक्रियेसाठी भूल द्यायची असेल तर भूलतज्ज्ञांना स्वतःहून सांगा. रात्रीपासून उपाशी असलात तरी पोटात अन्न राहिलेलं असू शकतं आणि ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. माझ्या एका रुग्णाने "वजनाचं इंजेक्शन म्हणजे काही औषध नव्हे" असं समजून हे सांगितलंच नव्हतं. बायकोच्या पिशवीतलं पेन नर्सला दिसलं, म्हणून ऑपरेशन पुढे ढकललं.

उपासाबद्दल विचारणा होते. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन सुरू असेल आणि त्यात हे इंजेक्शन, तर निर्जळी एकादशी आणि नवरात्राचे नऊ दिवस आधी विचारल्याशिवाय करू नका. साबुदाण्यात प्रथिनं नावालाही नाहीत. दही, दूध, शेंगदाणे, राजगिरा यांवर भर द्या. घाम सुटला, हात थरथरले, तर उपास मोडून साखर खा. देव रागावत नाही.

सोलापूरच्या ताई, भारतीय लोकांसाठी बीएमआय २५ च्या वर स्थूलपणा धरतात हे खरं. पण या औषधांसाठी साधारण ३० च्या वर, किंवा २७ च्या वर आणि सोबत मधुमेह-रक्तदाबासारखा आजार, अशी अट असते. तुमच्या दिरांना व्यायाम-आहारावर सहज उतरता येईल.

कोकणकडा

इंजेक्शनची भीती वाटते. त्याऐवजी "शंभर टक्के नैसर्गिक" म्हणून पावडर मिळते, महिन्यात आठ किलोची हमी देतात. ती तरी सुरक्षित ना?

जळगावकर_केमिस्ट

नाही हो. अशा पावडरींत सिब्युट्रामिन मिसळलेलं अनेक देशांत सापडलं आहे. हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे ते २०१० मध्ये युरोप-अमेरिकेत बाजारातून काढलं गेलं, आपल्याकडेही बंदी आहे. "नैसर्गिक" पावडरीने छाती धडधडते, झोप उडते, तोंड कोरडं पडतं, तर ती लगेच बंद करा आणि डबा डॉक्टरांना दाखवा. सुई नकोच असेल तर गोळीबद्दल विचारा. पण सेमाग्लुटाइडची गोळी उपाशीपोटी, अर्धा कप पाण्याबरोबर घेऊन पुढे अर्धा तास काहीही घ्यायचं नसतं, चहासुद्धा नाही. चहाबरोबर घेणाऱ्यांची गोळी वाया जाते आणि मग म्हणतात, गुण येत नाही.

सोलापूरची_लेक

कळवायला आले. हा धागा दिरांना वाचून दाखवला. केमिस्ट दादांची पोस्ट वाचल्यावर ते गप्प झाले, काल स्वतःहून डॉक्टरांकडे गेले. त्या कुपीचा फोटो दाखवला. डॉक्टरांनी ती बंद करायला सांगितली आणि रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. ट्रेनरने फोनवर आरडाओरडा केला, पण दिरांनी पैसे परत मागितले नाहीत, सोडून दिलं. गोदाकाठ ताई, त्यांच्यासाठी ते मुगाचं धिरडं करायचंय. प्रमाण द्याल का?

गोदाकाठ

किती बरं वाटलं वाचून! घ्या: एक वाटी हिरवे मूग रात्रभर भिजवा. सकाळी पाणी निथळून दोन मिरच्या, पेरभर आलं, जिरं आणि मूठभर कोथिंबीर घालून वाटा. पाणी अगदी बेताचं घाला. आंबवायचं नाही. बिडाचा तवा चांगला तापू द्या, अगदी थोडं तेल पुसून घ्या, पीठ पसरा, वर किसलेलं पनीर भुरभुरा आणि झाकण ठेवा. एवढ्या पिठात चार होतात. त्यांना सुरुवातीला दोनच द्या, सोबत दही.